साधं चालणं, फक्त पाय मोठे

सगळा घोळ एका ओळीमुळे झाला, आणि ती ओळही मी हौसेने लिहिलेली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी आमच्या दैनिकाचं तिसरं पान छपाईला जायला सात मिनिटं उरली असताना घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्याची जाहिरात एका ओळीने आखूड निघाली. स्तंभाच्या तळाशी एक ओळ कोरी राहिली. वर्तमानपत्रात कोरी ओळ राहणं म्हणजे भर सभेत पॅन्टची चेन उघडी राहण्यासारखं आहे. बाकी सगळं कितीही नीटनेटकं असलं तरी लोक तिथेच बघतात. वरची बातमी माझी होती, स्नोशू क्लबच्या, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली रुंद चौकटी बांधून चालणाऱ्यांच्या, साठाव्या वार्षिक वाटचालीची. शनिवारी सकाळी साडेनऊला स्प्रूस रिज टेकडीच्या पायथ्याशी जमणे, अडीच मैल चढून वरच्या लाकडी झोपडीपर्यंत जाणे, बारा वाजता घंटा आणि गरम रस्सा. बातमीत सांगण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. मी शेवटी लिहिलं : ‘स्नोशू घालून चालणं म्हणजे साधं चालणंच, फक्त पाय मोठे.’ ओळ मापात बसली. मी घरी गेलो आणि शांतपणे जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ओजाला बाई कचेरीत आल्या.

हिल्ड्रेड ओजाला या स्नोशू क्लबच्या अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर. त्याआधी पस्तीस वर्षं त्या हॅमर बेच्या शाळेत गणित शिकवत होत्या, त्यामुळे गावातला चाळिशीच्या पुढचा प्रत्येक माणूस त्यांना पाहिल्यावर आपोआप शर्ट खोचतो. मी खोचला. त्यांनी माझ्या टेबलावर बातमीचं कात्रण ठेवलं. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

“वेन्डेल निमेला,” त्या म्हणाल्या, “हे तू लिहिलंस?”

“हो, बाई.”

“कशाच्या आधारावर?”

भट्टी काय, तिची आखूड जाहिरात काय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

“चूक-दुरुस्ती छाप,” बाई म्हणाल्या.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात ‘चूक-दुरुस्ती’ नावाची चौकट असते. आमचे क्रीडावार्ताहर त्या चौकटीत जवळजवळ राहायलाच आहेत. मी मात्र सव्वीस वर्षांत एकदाही तिच्यात पाऊल टाकलेलं नाही. या गावातली निम्मी आडनावं फिनलंडहून आलेली आहेत, त्यांत एकेक स्वर दोन-दोनदा येतो आणि एक जरी गळला तरी आख्खं घराणं फोन करतं. सव्वीस वर्षं, वर्षाला तीनशे अंक, आणि एकही फोन नाही. लोकांकडे बोटी असतात, हरणांची शिंगं असतात. माझ्याकडे हे आहे.

“बाई, ते मत आहे,” मी म्हणालो. “मताची दुरुस्ती नसते.”

“मत असेल तर ‘मला वाटतं’ असं लिही. तू ‘म्हणजे’ असं लिहिलं आहेस. हे समीकरण झालं. समीकरण एकतर बरोबर असतं नाहीतर चूक.”

आतल्या खोलीतून आमचे संपादक गॉर्डन पेल्की बाहेर आले. पेल्कींना भांडण मनापासून आवडतं, फक्त ते दुसऱ्याचं असावं एवढीच त्यांची अट असते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, हनुवटी खाजवली आणि निकाल दिला. वेन्डेलने शनिवारी स्वतः स्नोशू घालून क्लबबरोबर जावं. बाराच्या घंटेच्या आत झोपडीवर पोचला, तर ते साधं चालणं. नाही पोचला, तर दुरुस्ती.

“दुसऱ्या पानावर?” मी विचारलं.

“पहिल्या,” पेल्की म्हणाले. “फोटोसकट.”

बाईंनी मान डोलावली आणि कात्रण घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

आता एक कबुली. मी हॅमर बेमध्ये जन्मलो. इथे वर्षाला दोनशे इंच बर्फ पडतो आणि अठ्ठावन्न वर्षांत मी एकदाही स्नोशू घातले नव्हते. कारण साधं आहे. माझे वडील काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचे आणि मी त्याच ट्रकमध्ये बसून शाळेत जायचो. बाकीची पोरं रांगेने बर्फ तुडवत यायची. माझ्यापुढे बालपणी बर्फ कधी उरलाच नाही.

ही गोष्ट मी फक्त माझ्या बायकोला सांगितली होती. कार्लीन म्हणाली, “मग लिहिलंस कशाला?”

“ओळ कमी पडत होती.”

“‘सर्वांनी यावे’ असं लिहायचं होतंस.”

गेल्या तीस वर्षांत अशी सूचना कार्लीनने नेहमी छपाई झाल्यानंतरच केलेली आहे.

स्नोशू गावच्या वाचनालयात मिळतात. पुस्तकं असतात त्याच्याच पलीकडे, बागकामाच्या कपाटाशेजारी, खुंट्यांवर टांगलेले. ग्रंथपाल नॅडीन वूरी यांनी माझं सभासद कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं. कार्ड पंधरा वर्षांपूर्वी संपलं होतं.

“नवीन काढू,” त्या म्हणाल्या. “पत्त्याचा पुरावा?”

“नॅडीन, आपण एकाच गल्लीत राहतो.”

“ते मला माहीत आहे. वाचनालयाला माहीत नाही.”

माझ्या वाहन परवान्यावर टपालपेटीचा नंबर आहे, घराचा नाही. विजेचं बिल कार्लीनच्या नावावर. शेवटी मी त्या दिवशीचा अंक पुढे केला. पहिल्याच पानावर ‘वेन्डेल निमेला, हॅमर बे’ असं छापलेलं होतं.

“छापलेलं सगळं खरं असतं असं नाही,” नॅडीन म्हणाल्या. “ओजाला बाई सकाळी इथे येऊन गेल्या.”

तिथून मी कार्लीनला फोन केला. ती आली, तिच्या कार्डावर तिने एक जोड घेतला, आणि अर्जात ‘वापरणाऱ्याचं नातं’ या रकान्यासमोर नॅडीननी लिहिलं : ‘कुटुंबातील इतर’. खाली ‘जबाबदार प्रौढ व्यक्ती’ म्हणून कार्लीनची सही. मी स्नोशू काखेत मारून बाहेर पडलो. ‘कुटुंबातील इतर’ माणसाने जितकं ताठ चालावं तितका ताठ.

वाटचालीचा मार्ग लाकूडकंपनीच्या जमिनीतून जातो, म्हणून नगरकचेरीत जोखीमपत्र भरावं लागतं. तिथल्या कारकून बाईंनी मला तीन पानी फॉर्म दिला. दुसऱ्या पानावर प्रश्न होता : अनुभव. नवशिका, मध्यम, तरबेज. मी सत्याला धरून ‘नवशिका’वर खूण केली.

“नवशिक्याला दहा दिवस आधी अर्ज करावा लागतो,” कारकून बाई म्हणाल्या.

“पण शनिवार चार दिवसांवर आहे.”

“मग मध्यम लिहा.”

“मी मध्यम नाही.”

“हे तुम्ही ठरवायचं नाही. मध्यम असल्याचं क्लबच्या अध्यक्षांचं पत्र लागतं.”

असा मी बुधवारी संध्याकाळी ओजाला बाईंच्या दारात उभा राहिलो. ज्या बाईशी पैज लागली आहे तिच्याकडेच लायकीचा दाखला मागायला जाणं, हे माझ्या धंद्यातल्या माणसालाही जड जातं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खोटं लिहिणार नाही, असं आधीच बजावलं. मग टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘वेन्डेल निमेला यास मी १९७८पासून ओळखते. माझ्या अनुभवानुसार तो सर्व बाबतींत मध्यम आहे. – हि. ओजाला.’

नगरकचेरीने हे पत्र ताबडतोब मान्य केलं. एक प्रत फायलीला लावली, मूळ पत्र बाईंकडे परत पाठवलं. कारकून बाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट पत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

गुरुवारी घरापुढच्या अंगणात सराव केला. स्नोशू म्हणजे टेनिसच्या रॅकेटएवढी चौकट, तिला ताणलेलं कापड, खाली दाते आणि वर चार पट्टे. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला यावी लागतात. हे मला चौथ्या प्रयत्नात कळलं, आणि तेही डाव्या कुंपणावरून.

डाव्या कुंपणावर रूडी केम्पा होता. रूडी माझा शेजारी आणि क्लबचा चाळीस वर्षांचा सभासद. “अरे, उलटे घातलेस,” तो म्हणाला. “आणि कपडे किती घातलेस! शनिवारी अंगात काही घालू नकोस. घामाने भिजलास की मेलास.”

उजव्या कुंपणावर बर्निस लफेव्ह होत्या. “त्याचं ऐकू नका हो, वेन्डेल,” त्या ओरडल्या. “असेल नसेल ते सगळं घाला. माझे हे एकदा बनियनवर गेले होते, त्यांचा कान अजून निळा होतो.”

“निळा होतो तो बिअरमुळे,” रूडी म्हणाला.

“तू तुझं बघ.”

यावर माझ्या डोक्यावरून पाच मिनिटं कानाची चर्चा झाली. तेवढ्यात मी दहा पावलं पुढे चाललो आणि खरं सांगतो, जमलं. साधं चालणंच होतं. विजयी मुद्रेने कार्लीनकडे बघावं म्हणून मी एक पाऊल मागे टाकलं.

स्नोशू घालून मागे जाता येत नाही. टाच रुतते, माणूस थांबत नाही. मी पाठीवर पडलो आणि रस्त्याकडेच्या ढिगात कमरेपर्यंत गेलो, दोन्ही पाय आकाशाकडे. त्याच वेळी टपालवाला आला. त्याने एकदा टपालपेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पत्रं माझ्या हातात दिली.

“एक सही लागेल,” तो म्हणाला.

मी तशाच अवस्थेत सही केली. अक्षर चांगलं आलं.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. सकाळी मोजला तेव्हा चौदा इंच होता. मी साडेनऊच्या पंधरा मिनिटं आधी पायथ्याशी हजर झालो. अंगात रूडी आणि बर्निस यांच्या सल्ल्यांची सरासरी काढून कपडे होते, आणि कोटाच्या आत, पोटाशी, कार्लीनने दिलेली गरम पास्टी. बटाटा, मांस आणि सलगम भरलेली ही जाड करंजी इथल्या खाणकामगारांपासून चालत आलेली आहे. आधी ऊब देते आणि मग पोट भरते.

क्लबचे अठरा लोक उभे होते. सरासरी वय सत्तर असावं. सगळे शांत, सगळे निवांत, जणू बस यायची आहे. त्यांच्यापुढे स्प्रूस रिजकडे जाणारी वाट असायला हवी होती. तिथे फक्त चौदा इंच सपाट पांढरं होतं, गुडघ्यापर्यंत, झाडांच्या आत जाऊन नाहीसं होणारं.

पेल्की गाडीतच बसून होते, काच खाली करून. “शुभेच्छा, वेन्डेल,” ते म्हणाले. “पहिल्या पानावर तीन स्तंभांची जागा ठेवली आहे.”

ओजाला बाईंनी घड्याळ पाहिलं. “पाहुणा पुढे,” त्या म्हणाल्या.

मला डाव समजला. मला पुढे घालायचं, म्हणजे मी पडेन ते सगळ्यांना नीट दिसेल. नाटकात पुढच्या रांगेचं तिकीट मिळावं तसे ते अठरा जण माझ्यामागे रांगेत उभे राहिले. ठीक आहे, म्हटलं. मी पुढे निघालो आणि मनाशी एकच ठरवलं, मागे बघायचं नाही. मागे बघितलं की काय होतं, ते गुरुवारी टपालवाल्याच्या साक्षीने कळलेलं होतं.

ताज्या बर्फात पहिलं पाऊल टाकलं की ते गुडघ्यापर्यंत जातं. मग ते वर काढायचं, बर्फासकट, आणि पुढे टाकायचं. मग दुसरं. शंभराव्या पावलाला माझ्या मांड्या बोलू लागल्या. दोनशेव्या पावलाला त्या जे बोलल्या ते आमच्या दैनिकात छापता येत नाही. मागून मात्र काही आवाज नाही. अठरा माणसं आणि नुसती सुस्... सुस्... अशी चाल.

मग कोणीतरी खोकलं.

तीनशेव्या पावलाला पुन्हा खोकलं. या वेळी दोघं. मी ओळखलं, ही चिथावणी आहे. चालण्याचा वेग वाढवला.

अर्ध्या मैलावर मी पहिल्यांदा पडलो. उजव्या पायाने डाव्या स्नोशूवर पाय दिला आणि तोंडावर गेलो. आता हसतील, म्हटलं. कोणी हसलं नाही. उठता उठता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर अठराच्या अठरा जण माना वर करून झाडांकडे बघत होते.

“यंदा स्प्रूस छान आले आहेत,” ओजाला बाईंचा आवाज आला.

“छानच,” रूडी म्हणाला.

पडलेल्या माणसाकडे ढुंकूनही बघायचं नाही, इतका तुच्छभाव मी पत्रकारितेतही कधी पाहिला नव्हता. मी बर्फ थुंकलो आणि पुढे निघालो.

एकूण पाच वेळा पडलो. तीन वेळा पुढे, दोन वेळा बाजूला. प्रत्येक वेळी मागे झाडांचं कौतुक झालं. एकदा मी आधारासाठी फांदी धरली आणि तिने वर्षभराचा बर्फ माझ्या कॉलरमध्ये रिकामा केला. एकदा पट्टा सुटला. पाण्याच्या बाटलीचं झाकण गोठून घट्ट बसलं. चौथ्या पडण्यात पास्टी माझ्याखाली आली आणि मग सलगमाचा एक गरम ओघळ पोटावरून पट्ट्याकडे निघाला. त्या क्षणी माझ्या शरीराचा तेवढाच भाग सुखात होता.

दोन मैलांवर मागची कुजबूज मला स्पष्ट ऐकू आली.

“विचारू का त्याला?” हा रूडी.

“खबरदार,” ओजाला बाई. “अपमान होईल.”

“पण बाई, हा मरेल.”

“तो त्याचा प्रश्न आहे.”

माझ्या अपमानाची इतकी काळजी असलेली माणसं मी पाहिली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते गोठलं, आणि मला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं.

शेवटचा चढ समोर आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. चढ उभा होता. वर, झाडांच्या शेंड्यांपलीकडे, झोपडीच्या धुराड्यातून सरळ धूर निघत होता. मी चार पावलं चढलो आणि थांबलो. पाय उचलायची आज्ञा मी देत होतो, पाय ती ऐकत नव्हते. तेव्हा मला खरोखर वाटलं की संपलं. सव्वीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली. सगळी जोडस्वरांची आडनावं, सगळे रात्रीचे फोन करून तपासलेले वयाचे आकडे, आणि शेवटी पहिल्या पानावर तीन स्तंभ : निमेला चुकले.

उजव्या हाताला, एका पावलावर, एक मोठा स्प्रूस होता. त्याला टेकून मिनिटभर उभं राहावं, असं मनात आलं. मी उजवा पाय बाजूला काढायला वळवला. मागे अठरा जणांनी एकदम श्वास रोखला. ते मला ऐकू आलं, पण का ते कळलं नाही.

आणि मग मला आठवलं. १९९९च्या जानेवारीत मीच बातमी दिली होती : मोठ्या स्प्रूसच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ भरत नाही, वरून सपाट दिसतं पण आत विहिरीसारखी पोकळी असते, एक गृहस्थ त्यात छातीपर्यंत गेले होते, दोरीने काढावे लागले. गृहस्थांचं आडनाव मी बरोबर छापलं होतं. माझ्या स्वतःच्या बातमीवर माझा विश्वास आहे. मी पाय पुन्हा सरळ केला, बोटं चढात रुतवली, आणि पुढचं पाऊल टाकलं.

मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “अरे देवा.”

त्यानंतरची एकशे बारा पावलं मी मोजलेली आहेत. अकरा वाजून छप्पन्न मिनिटांनी माझा उजवा स्नोशू झोपडीच्या पायरीवर आदळला.

दारात वेइको सालमी उभा होता, एका हातात पळी. तो एकोणऐंशी वर्षांचा असून दरवर्षी पलीकडच्या सरोवराच्या रस्त्याने बर्फगाडीवरून रश्श्याचं भांडं घेऊन वर येतो. त्याने माझ्या दाढीतल्या बर्फाकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे.

“वाट कोणी पाडली?” त्याने विचारलं.

“याने,” ओजाला बाई म्हणाल्या.

“ते सुरुवातीला. मग कोणी?”

“यानेच.”

“आणि चढावर?”

“वेइको, तुला कमी ऐकू येतं का? यानेच. सगळी.”

वेइकोने पळी खाली ठेवली आणि टोपी काढली. मग रूडीने काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. मला वाटलं कोणीतरी वारलं.

मला आत नेऊन स्टोव्हजवळ बसवलं. पहिला वाडगा माझ्या हातात दिला. मासे, बटाटे आणि लोणी असलेला तो पांढरा रस्सा मी आयुष्यभर खात आलो आहे, पण त्या दिवशी त्याची चव वेगळी होती. मग वेइकोने मला दारावरची पाटी दाखवली. पाटीवर वर कोरलेलं होतं : ‘पायथ्यापासून झोपडीपर्यंत, ताज्या बर्फात, एकट्याने’. खाली एकच नाव. आर्ने ओजाला, १९७४.

“माझे यजमान,” बाई म्हणाल्या. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. मृत्यूची बातमी मीच लिहिली होती. ही गोष्ट त्यात नव्हती.

मग मला हळूहळू उलगडलं. ताज्या बर्फात पहिला माणूस शंभर पावलं टाकतो, मग आपणहून उजवीकडे सरकतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो. मग दुसरा शंभर. अशी अठरा माणसं अडीच मैल सहज जातात. पुढच्याला ‘सरक’ असं कोणी म्हणत नाही, कारण तो ‘तू दमलास’ म्हणण्यासारखा अपमान. फार तर खोकायचं. पाहुण्याला मानाची पहिली पावलं देतात, वीसच पुरतात. आणि कोणी पडलं तर त्याची लाज राखायला झाडांकडे बघायचं. हे सगळं हॅमर बेची पोरं सहाव्या वर्षी शाळेच्या रांगेत शिकतात. त्यामुळे इथल्या माणसाला ते माहीत नसेल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. ती रांग जायची तेव्हा मी वडिलांच्या ट्रकमध्ये, हीटरजवळ बसलेला असायचो.

ओजाला बाईंनी नोंदवही उघडली, पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं : “वेन्डेल निमेला. एकट्याने. स्वखुशीने. क्लबच्या अठरा सभासदांना विश्रांती देऊन.”

सगळ्यांनी वाडगे वर केले. रूडीच्या डोळ्यांत पाणी होतं. “तीनदा खोकलो मी,” तो सगळ्यांना सांगत होता, “पण गडी हलला नाही!”

मी गप्प राहू शकलो असतो. पैज जिंकली होती, नाव पाटीवर लागणार होतं, रस्सा अजून अर्धा होता. पण नोंदवहीत एक शब्द चुकीचा पडत होता, आणि तो मी बघत होतो. सव्वीस वर्षांची सवय रश्श्याने जात नाही.

“बाई,” मी म्हणालो, “‘स्वखुशीने’ खोडा.”

“का?”

“मला माहीत नव्हतं. बाजूला सरकायचं असतं, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. मला वाटलं तुम्ही मागे राहून माझी मजा बघताय.”

रूडीचं तोंड उघडंच राहिलं. “म्हणजे ते खोकणं...”

“मला वाटलं तू चिडवतोयस.”

आधी वेइको हसला. मग रूडी. मग सगळी झोपडी. छपरावरचा बर्फ घसरून दारासमोर पडला, इतकी हसली. मी वाडग्यात बघत राहिलो. झाडांकडे बघायला आतमध्ये झाडही नव्हतं.

ओजाला बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी हात वर केला आणि अठरा माजी विद्यार्थ्यांसारखे सगळे गप्प झाले.

“आर्नेलाही माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“काय?” वेइको ओरडला.

“तो डेट्रॉइटहून आलेला होता. मोटारीच्या कारखान्यातून. त्याला कोण सांगणार? मी त्याच्या बरोबर मागे होते. अडीच मैल खोकले. वर पोचल्यावर सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि त्याने मला हळूच विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, काही नाही, रस्सा खा.” बाईंनी पेनचं टोपण लावलं. “पन्नास वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. मग त्याच्याशी लग्न केलं. म्हटलं, कधीतरी मला पुढे चालायला मिळेल.”

“मिळालं का, बाई?” मी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या आणि मग हसल्या. १९७८पासून मी त्यांना ओळखतो. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी ‘स्वखुशीने’ खोडलं. वेइकोने खिशातून चाकू काढला आणि आर्नेच्या नावाखाली माझं कोरायला घेतलं. “बाप रस्ते साफ करायचा,” तो लाकडावर फुंकर मारत म्हणाला, “पोरगा वाट पाडतो. आडनावात ‘ए’ एकच ना रे?”

“एकच,” मी म्हणालो. “पण नीट बघून कोर.”

सोमवारी पेल्कींनी पहिल्या पानावरचे तीन स्तंभ मला दिले, फोटोसकट. मी बातमी लिहिली. मग आणखी एक मजकूर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?” ते म्हणाले. “अरे, तू जिंकलास ना!”

“जिंकलो. म्हणूनच मला माहीत आहे.”

मंगळवारच्या अंकात, दुसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, क्रीडावार्ताहरांच्या दोन दुरुस्त्यांच्या मधोमध ते आलं : ‘गेल्या आठवड्यात तिसऱ्या पानावर स्नोशू घालून चालणं म्हणजे साधं चालणंच, फक्त पाय मोठे, असं छापलं गेलं. ते साधं चालणं नाही. पाय मोठे होतात, एवढा भाग बरोबर आहे. चूक वार्ताहराची. – वेन्डेल निमेला.’ कार्लीनने ते कात्रण फ्रिजवर लावलं. पहिल्या पानावरचा फोटो तिने लावला नाही. तिच्या मते त्यात माझी टोपी वाकडी आहे.

बुधवारच्या टपालात एक पाकीट आलं. टपालवाल्याने ते या वेळी पेटीत टाकलं, मी उभा होतो तरीही. आत बाईंचं नगरकचेरीसाठीचं पत्र होतं. ‘सर्व बाबतींत मध्यम’ यातल्या ‘मध्यम’वर लाल पेन्सिलीने रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं : ‘बरा’.

मी ते घेऊन सरळ नगरकचेरीत गेलो. कारकून बाईंनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, वर्गवारी बदलली तर फॉर्म नव्याने भरावा लागेल, तीनही पानं, दोन प्रतींत.

मी खुर्ची ओढली आणि पेन मागितलं.